विनोद संपले, हसणं उरलं

१३ मार्च १९९५ हा सोमवार होता. दुसऱ्या दिवशी मनोहर जोशी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेणार होते आणि मुंबईत राजकारणाखेरीज दुसरा विषय नव्हता. त्या सकाळी अंधेरी पश्चिमेच्या लोखंडवाला संकुलातल्या एका उद्यानात डॉ. मदन कटारिया फिरायला आलेल्यांना थांबवून विचारत होते, आपण इथे रोज जमून हसू या का? बहुतेकांनी त्यांना हसण्यावारी नेलं. चौघे तयार झाले. डॉक्टर धरून पाच जण गोल करून उभे राहिले आणि हास्यक्लब नावाची गोष्ट सुरू झाली.

कटारिया पेशाने फॅमिली डॉक्टर. आरोग्यविषयक मासिकासाठी हसण्याच्या औषधी गुणांवर ते लेख लिहीत होते. त्या वाचनात त्यांना अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांची हकीकत भेटली. १९६४ मध्ये कझिन्स यांना मणक्याच्या सांध्यांचा वेदनादायक आजार झाल्याचं निदान झालं होतं. ते मार्क्स बंधूंचे विनोदी चित्रपट पाहत आणि दहा मिनिटं पोटभर हसलं की दोनेक तास वेदनेविना झोप लागते, असा आपला अनुभव सांगत. १९७६ मध्ये त्यांनी तो एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि १९७९ मध्ये त्यावर पुस्तक आलं. हे सगळं नुसतं लिहून काय होणार, करूनच बघावं, या विचाराने कटारिया घराबाहेर पडले.

ते ज्या वस्तीत राहत होते, तिचंही या गोष्टीत काम आहे. लोखंडवाला संकुल ऐंशीच्या दशकात दलदलीच्या, खाडीलगतच्या जमिनीवर उभं राहिलं. नवी माणसं, नव्या इमारती, बंद दारं. नोव्हेंबर १९९१ मध्ये इथल्याच एका इमारतीत पोलीस आणि गुंडांची भरदिवसा चकमक झाली आणि लोखंडवाला हे नाव देशभर पोचलं. पुढे डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या दंगली झाल्या. शेजारचं जोगेश्वरी त्यात होरपळलं. मग १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट. हास्यक्लबची पहिली सकाळ या स्फोटांनंतर दोन वर्षांनी आणि एका दिवसाने उजाडली. शहर पुन्हा कामाला लागलं होतं, पण अनोळखी माणसाकडे मोकळेपणाने बघणं कमी झालं होतं.

चाळीत माणूस हसला की शेजारी ऐकत. गॅलरीत बसून केलेली थट्टामस्करी हा चाळकऱ्यांच्या दिवसाचाच भाग असे. याच जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत लहानपण गेलेल्या पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ लिहून ते जग कायमचं नोंदवून ठेवलं. फ्लॅटमध्ये आल्यावर ती संगत सुटली, आणि ‘लोक काय म्हणतील’ मात्र सामानाबरोबर नव्या घरात आलं. लिफ्टमध्ये नजर खाली, जिन्यात आवाज हळू. उपनगरातल्या मध्यमवर्गाने चाळीतला शेजार सोडला आणि चाळीचा धाक तेवढा जपला, असं म्हणावंसं वाटतं.

मोठ्याने हसण्याला आपल्याकडे जागा नेमलेली होती आणि आहे. पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरेमध्ये, मुलुंडच्या कालिदासमध्ये तिकीट काढून खुर्चीत बसलेला माणूस डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतो आणि त्याला कुणी वेडा म्हणत नाही. तोच माणूस सकाळी सात वाजता झाडाखाली उभा राहून तसाच हसला तर रस्त्यावरचे थबकतात. बाईमाणसाचं तर विचारूच नये. मुलगी वयात आली की तिचं हसणं आधी कमी केलं जातं. खिदळू नकोस, दात काढू नकोस, चारचौघांत आवाज नको. चाळीस-पन्नास वर्षं हे ऐकलेल्या बायका साडीवर पांढरे बूट घालून बागेत आल्या आणि हात वर करून हसल्या, तेव्हा त्या फक्त व्यायाम करत नव्हत्या.

पहिले काही दिवस रीत साधी होती. एकाने मध्ये उभं राहून विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं. पाचाचे पन्नास झाले. पण दोनेक आठवड्यांत चांगल्या विनोदांचा साठा आटला. मग अचकटविचकट किस्से आले, कुणाला लागतील असे टोमणे आले. दोघांनी तक्रार केली आणि क्लब बंद करावा, असं बोलणं निघालं. कटारियांनी एका दिवसाची मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशी ते नवी सूचना घेऊन आले. विनोद नकोच, आपण कारणाशिवाय हसू. सुरुवातीला हसण्याचा नुसता आव आणायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आणि खोटं हसू थोड्याच वेळात खरं होतं की नाही ते बघायचं. जमलेल्यांनी करून पाहिलं आणि एकाचं हसू दुसऱ्याला लागत गेलं. कटारियांच्या पत्नी माधुरी या योगशिक्षिका. त्यांच्या अनुभवातून दीर्घ श्वसनाची जोड मिळाली आणि पुढे या पद्धतीला हास्ययोग हे नाव रुळलं.

या प्रथेच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा दिवस पहिला नव्हे, हा आहे. विनोदाला बहुतेक वेळा कुणीतरी बळी लागतो. बायको, सासू, जाडा माणूस, दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा. आपल्यावर हसतील ही जी भीती माणसाला आयुष्यभर पुरते, ती अशाच हसण्यातून आलेली असते. विनोद बाजूला काढल्यावर गोलातल्या कुणावर हसण्याचं कारणच राहिलं नाही. दंगलींतून नुकत्याच बाहेर पडलेल्या शहरात हे फार मोठं पाऊल होतं.

पुढे हसण्याचे प्रकार ठरत गेले. टाळ्यांच्या तालावर हो-हो, हा-हा-हा. जीभ बाहेर काढून सिंहहास्य. आवाज न काढता मूकहास्य. एकमेकांकडे बोट दाखवत वादावादीचं हास्य, आणि त्यानंतर दोन्ही कानांच्या पाळ्या धरून क्षमाहास्य. कुणालाही हे बाहेरून पोरकट वाटेल. पण साठीच्या निवृत्त अधिकाऱ्याने वीसएक लोकांसमोर कान धरून हसायचं म्हणजे हुद्दा, वय आणि रुबाब घडीभर खाली ठेवायचा. ही सवय घरी बसून पुस्तकं वाचून लागत नाही.

विज्ञानाचा भाग नेमकेपणाने सांगायला हवा. शरीराला खऱ्या-खोट्या हसण्यातला फरकच कळत नाही, हे क्लबांमध्ये जितक्या ठामपणे सांगतात, तितकं ते सिद्ध झालेलं नाही. मात्र रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने दाखवलं, की माणूस एकट्याने हसतो त्याच्या सुमारे तीसपट जास्त तो इतरांच्या संगतीत हसतो, आणि त्यातलं बहुतांश हसू विनोदामुळे येतच नाही. इंग्लंडमध्ये रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकत्र हसल्यानंतर वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली आढळली. लोखंडवालातल्या गोलाला हे अनुभवातून उमगलं होतं. लोकांची भीती एकट्याने जात नाही. सोबत चौघे लागतात.

अंधेरीतून ही प्रथा उपनगरांत, मग राज्यभर गेली. पुण्यात विठ्ठल काटे यांनी नवचैतन्य हास्ययोग परिवार उभा केला आणि तिथल्या बागांत ज्येष्ठांची सकाळच बदलली. १९९८ मध्ये मुंबईत पहिला जागतिक हास्यदिन साजरा झाला. आता तो दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. मीरा नायर यांनी या क्लबांवर माहितीपट केला. ब्रिटिश विनोदी अभिनेते जॉन क्लीझ बीबीसीच्या मालिकेसाठी येऊन या मंडळींबरोबर हसून गेले. जानेवारी २००० मध्ये कोपनहेगनच्या चौकात हजारो लोक एकत्र हसले. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मधला डॉक्टर अस्थाना राग आवरायला हसतो, तेव्हा २००३ च्या प्रेक्षकाला ती गंमत समजावून सांगावी लागली नाही.

प्रत्येकाने टाळ्याच वाजवल्या असं नाही. २०१२ च्या सुमारास कुर्ल्याच्या शीतल तलावाजवळ भरणाऱ्या हास्यक्लबचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. रोज सकाळच्या या गडगडाटाने मनस्ताप होतो, अशी एका रहिवाशाची तक्रार होती. न्यायालयाने पोलिसांना त्यात लक्ष घालायला सांगितलं. ही तक्रार रास्तच होती. लोक काय म्हणतील याची पर्वा सोडणं वेगळं आणि लोकांच्या झोपेची पर्वा सोडणं वेगळं. उपनगरात इमारतीला इमारत चिकटलेली असते. खिडकीआड कुणी आजारी असतं, कुणी रात्रपाळी करून नुकतं आडवं झालेलं असतं. ज्या क्लबांनी वेळ आणि जागा बघून घेतली, मूकहास्य वाढवलं, त्यांनी आनंद आणि शेजार दोन्ही सांभाळले.

हास्यक्लबला सहसा फी नसते, गणवेश नसतो, आधी काही शिकून यावं लागत नाही. हर्निया असलेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी एका सकाळी जवळच्या उद्यानात जाऊन त्या गोलात उभं राहून बघावं, आणि जमलं तर घरातल्या ज्या बाईला आजवर हळू हसायला सांगितलं, तिला सोबत न्यावं.