हेडलाइट, जुन्या मोटारींचे

मोटारीच्या पुढच्या बाजूचे मुख्य दिवे. वापर आणि वयामुळे ते मंद का पडतात आणि त्यांचा उजेड पुन्हा कसा मिळवता येतो, एवढ्यापुरती ही नोंद मर्यादित आहे. नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुका आणि त्याला लागून असलेला लातूरचा जळकोट, उदगीर, अहमदपूर हा टापू या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बालाघाटाच्या माळावरचे रस्ते रात्री पूर्ण अंधारात असतात. जांब, बाऱ्हाळी, मुक्रमाबाद अशा गावांना जोडणाऱ्या वाटांवर गावाची वेस ओलांडली की पथदिवा दिसत नाही. काळ्या जमिनीतून आलेला डांबरी रस्ता उजेड परत फेकण्याऐवजी गिळतो. अशा रस्त्यांवर एमएच 26 आणि एमएच 24 क्रमांकाच्या जुन्या जीप, सुमो, ट्रॅक्स आणि मारुती 800 अजून धावतात.

मोटार चालवणारा ‘लाईट पिवळा पडतोय’ अशी तक्रार घेऊन येतो, तेव्हा दुकानदार बहुधा त्याला जास्त वॅटचा बल्ब काढून देतो. हा उपाय सर्वांत सोपा आणि बहुतेक वेळा सर्वांत चुकीचा. जुन्या गाडीत बल्ब क्वचितच दोषी असतो. दोष बॅटरीपासून बल्बपर्यंतच्या तारेत, अर्थिंगमध्ये आणि बल्बमागच्या डूममध्ये, म्हणजे परावर्तकात, असतो.

प्रकार. अमेरिकेत 1940 पासून ‘सील्ड बीम’ दिवा आला. काच, परावर्तक आणि तार एकत्र बंद केलेला, सात इंच व्यासाचा हा गोल दिवा होता. तार जळाली की अख्खा दिवा बदलावा लागे. विलिस बनावटीच्या जीप महिंद्राने 1947 पासून भारतात जोडायला घेतल्या. त्या जीप, अँबॅसडर आणि मुंबईच्या कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी यांच्या गोल दिव्यांचे माप त्याच घराण्यातले. युरोपात 1962 साली मोटारीसाठी पहिला हॅलोजन बल्ब (एच 1) आला आणि 1971 साली एच 4. एकाच बल्बात अप्पर आणि डिपर अशा दोन तारा असल्यामुळे एच 4 भारतात सर्वांत जास्त रुजला. तो 12 व्होल्टचा, 60/55 वॅटचा असतो. 13.2 व्होल्टला अप्परचा उजेड सुमारे 1650 ल्युमेन आणि डिपरचा 1000 ल्युमेन भरतो. नव्या गाडीत हा उजेड पुरेसा असतो. त्यामुळे जुन्या गाडीत तो कुठे हरवतो हा खरा प्रश्न आहे.

व्होल्टेजची गळती. टंगस्टनच्या तारेचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घातात बदलतो, म्हणून थोडी घट मोठी पडते. बल्बाला 13.2 ऐवजी 12 व्होल्ट मिळाले तर उजेड 72 टक्क्यांवर येतो आणि 11 व्होल्टला जेमतेम 54 टक्के उरतो. तार पुरेशी तापत नाही म्हणून रंगही पिवळसर होतो. चालकाला दिसणारा ‘पिवळा लाईट’ तो हाच.

ही घट कशी होते, याचा हिशेब मांडता येतो. दोन बल्बांना मिळून सुमारे 10 अँपिअर प्रवाह लागतो. जुन्या गाडीत तो बॅटरीकडून डॅशबोर्डवरच्या स्विचला, तिथून डिपर स्विचला आणि मग परत पुढे दिव्यांकडे येतो. वाटेत पाच-सहा मीटर बारीक तार लागते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला साधारण 0.0175 ओहम असतो. म्हणजे 6 मीटरमध्ये 10 अँपिअरला एक व्होल्टच्या वर तारच खाते. स्विचच्या संपर्कबिंदूंवर साचलेला कार्बन, हिरवे पडलेले कनेक्टर आणि सैल होल्डर आपापला वाटा घेतात तो वेगळा.

अर्थिंगकडे तर कोणी बघतच नाही. बल्बाची उणे बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. मडगार्ड गंजले, डेंटिंग-पेंटिंग करताना स्क्रूखाली रंग गेला, किंवा बॅटरीपासून चासीपर्यंतची जाड पट्टी खराब झाली की परतीची वाट अरुंद होते. एक दिवा चांगला आणि दुसरा मंद असेल तर पहिला संशय अर्थवरच घ्यावा. डिपर लावल्यावर त्याच दिव्यातला अप्पर किंवा पार्किंगचा बल्ब बारीक तेवत राहणे ही त्याची पक्की खूण.

तपासणी मल्टिमीटरने होते. इंजिन सुरू ठेवून, दिवे लावून आधी बॅटरीवर व्होल्टेज पाहायचे. अल्टरनेटर (गॅरेजमध्ये अजूनही ‘डायनॅमो’च म्हणतात) आणि रेग्युलेटर ठीक असतील तर ते 13.8 ते 14.4 च्या दरम्यान येते. त्याखाली असेल तर दोष चार्जिंगचा आहे आणि दिव्यांना हात लावण्यात अर्थ नाही. मग बल्ब जोडलेला असतानाच त्याच्या पिनांवर व्होल्टेज मोजायचे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वायरिंग दोषी. शेवटी बल्बाची अर्थ पिन आणि बॅटरीचे उणे टोक यांच्यामध्ये मीटर लावायचा, तिथे 0.2 व्होल्टच्या वर काही दिसायला नको. ही तपासणी बल्ब काढून करू नये. प्रवाह वाहत नसताना सडलेली तारसुद्धा मीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवते.

अँबॅसडर आणि पद्मिनीच्या जुन्या आवृत्त्यांत खराच डायनॅमो, म्हणजे एकदिश प्रवाहाचे जनित्र, असे. मंद गतीला तो जवळजवळ काहीच चार्जिंग देत नसे. चौकात गाडी थांबली की दिवे बसत आणि ॲक्सिलरेटर दाबला की उठत. अशा गाडीला अल्टरनेटर बसवला की निम्मे काम होते.

रिले. वरच्या दोषांवर सर्वांत गुणकारी इलाज रिलेचा, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचा आहे, आणि तो स्वस्तही आहे. जुन्या स्विचकडून येणारी तार आता दिवा पेटवत नाही, फक्त रिलेला हुकूम देते. दिव्याचा प्रवाह बॅटरीकडून फ्यूजमार्गे थेट, जाड तारेने येतो. रिलेच्या पायांवर जर्मन मानकाचे आकडे असतात : 30 ला बॅटरीची फ्यूजमधून आलेली तार, 87 ला बल्ब, 86 ला जुन्या स्विचची तार आणि 85 ला अर्थ. अप्परला एक आणि डिपरला एक, असे दोन रिले लागतात. तार अडीच एमएमची घ्यावी. दोन मीटर लांबीत ती 10 अँपिअरला 0.14 व्होल्टच सोडते. प्रत्येक रिलेला 15 किंवा 20 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या जवळ बसवायचा. फ्यूज न लावता ओढलेली तार ही दिवा सुधारणे नव्हे, आग लावण्याची सोय आहे, आणि अशा तारा जुन्या जीपच्या बॉनेटखाली सर्रास सापडतात. काही जपानी धाटणीच्या गाड्यांत स्विच अधिक बाजूऐवजी अर्थच्या बाजूला असतो; तिथे ही जोडणी जशीच्या तशी चालत नाही, 85 आणि 86 ची मांडणी बदलावी लागते. रिले बसवल्याने स्टिअरिंगखालच्या स्विचचे आयुष्यही वाढते, कारण 10 अँपिअर तोडण्याचे काम त्याच्याकडे उरत नाही.

डूम आणि काच. परावर्तकावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. पावसाळ्यात सीलमधून शिरलेली वाफ आणि कच्च्या रस्त्याची धूळ यांनी तो काळवंडतो. कारागीर त्याला ‘सिल्व्हर गेलं’ म्हणतात. राख, टूथपेस्ट किंवा पॉलिशने घासून सिल्व्हर परत येत नाही, उरलेलेही निघून जाते. डूम बदलणे हाच मार्ग. गोल सात इंची डूम आजही सहज मिळतो, हा जुन्या जीपवाल्यांचा मोठा फायदा. घेताना काचेची बाजू तपासावी. भारतात वाहतूक डावीकडून चालते, म्हणून डिपरचा झोत डावीकडे वर चढायला हवा. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला डूम लावला तर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि अशा डूमवर तशी सूचना लिहिलेली नसते.

पुढच्या पिढीतल्या गाड्यांत काचेऐवजी पॉलिकार्बोनेट आले. ते उन्हाने पिवळे आणि धुरकट होते. मराठवाड्याच्या उन्हात दारात उभी राहणारी गाडी त्याला लवकर बळी पडते. पाण्याखाली 800, 1500, 2000 आणि 3000 नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासून, मग पॉलिश करून ही काच पुन्हा पारदर्शक होते. मात्र वरून अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट मारला नाही तर काही महिन्यांत पिवळेपणा परततो.

जास्त वॅट आणि एलईडी. 100/90 वॅटच्या बल्बाला एका दिव्यामागे आठ अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. जुन्या तारेत तो आणखी व्होल्टेज गमावतो, होल्डर वितळवतो आणि डूमचे सिल्व्हर जाळतो. एलईडीचा प्रश्न वेगळा. एच 4 बल्बात डिपरच्या तारेखाली धातूची लहान वाटी असते. त्या वाटीमुळे झोताची वरची कड कापली जाते. परावर्तकाची प्रत्येक रेघ त्या तारेच्या जागेवर आणि आकारावर बेतलेली असते. एलईडीच्या चिपा जाडजूड पट्टीवर, थोड्या सरकलेल्या असल्या की झोत विखुरतो. गाडीपुढची जमीन लख्ख पांढरी दिसते, म्हणून चालक खूश होतो. पण त्या उजेडाने बाहुली आकुंचन पावते आणि दूरचे कमी दिसते. समोरच्याला अंधारी येते ती वेगळीच. जर्मनीत 2020 पासून ठरावीक मॉडेलांमध्ये एलईडी बल्ब वापरायला परवानगी मिळाली, तीही त्या-त्या दिव्यात चाचणी झाल्यावर. बाजारातल्या प्रत्येक एलईडीला ही परवानगी सरसकट लागू होत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 105 प्रमाणे दिव्यांनी 155 मीटरवरची माणसे आणि वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. नियम 106 झोत खाली वळवण्याविषयी आहे. दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना तो दिपवता कामा नये. हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवण्याची किंवा त्यावर काळा ठिपका काढण्याची जुनी पद्धत याच हेतूची, पण तिने उजेड वाया जाण्यापलीकडे फारसे साधत नसे. बनावटीच्या मूळ वैशिष्ट्यांत फेरफार केल्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 लागू होते. रिले आणि त्याच वॅटचा बल्ब मात्र मूळ दिव्याला मूळ हक्काचा उजेड मिळवून देतात.

झोत बांधणे. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून 10 मीटरवर उभी करून, दिव्याच्या केंद्राची उंची भिंतीवर खुणावायची. डिपरची कड त्या खुणेच्या 10 सेंटिमीटर खाली यायला हवी, म्हणजे उतार एक टक्का. प्रवासी नेणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपच्या बाबतीत हे काम रिकाम्या गाडीवर करून भागत नाही. मागे माणसे भरली आणि मागचे पाटे 5 सेंटिमीटर बसले, तर 2.4 मीटर अंतराच्या चाकांवर गाडी सुमारे दोन टक्के नाक वर करते. एक टक्का खाली बांधलेला झोत एक टक्का वर जातो आणि डिपर समोरच्याला अप्परसारखाच लागतो. त्यामुळे रोज ज्या भाराने गाडी चालते त्याच भाराने झोत बांधावा. पाटे दबलेले असतील तर ते आधी बदलावेत.

ताशी 60 किलोमीटर वेगाला दीड सेकंदाच्या प्रतिक्रियाकाळात गाडी 25 मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबेपर्यंत आणखी साधारण 24. डिपरमध्ये गडद कपड्यांतला माणूस जवळपास या एकूण अंतरावरच दिसतो, तोही दिवा निरोगी असेल तर. दिव्यांशिवाय दोन गोष्टी इथे आडव्या येतात. एक, वायपरने धुळीसकट घासलेली पुढची काच. रात्री समोरून उजेड आला की तिच्यावरचे ओरखडे चमकतात. दुसरी, चालकाचे वय. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो, आणि मोतीबिंदू असेल तर त्याहून कमी. काही वेळा गाडीपेक्षा चालकाला तपासणीची गरज असते.

ऊसतोडीच्या हंगामात या टापूत आणखी एक अडचण असते. उसाच्या बैलगाड्या आणि टेललॅम्प तुटलेल्या ट्रॉल्या कारखान्याकडे रात्रभर चालत असतात. उसाच्या वाळल्या पाचटावरून झोत फारसा परत येत नाही. बैलगाडी मोटार वाहन नसल्यामुळे त्या वाहनांचे मागच्या दिव्याचे नियम तिला लागू होत नाहीत. कारखाने आणि परिवहन विभाग हंगामाच्या सुरुवातीला गाड्यांना परावर्तक पट्ट्या लावतात. ही पट्टी आलेला झोत ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवते, त्यामुळे मंद हेडलाइटच्या गाडीलाही ती साध्या पाचटाच्या कितीतरी आधी दिसते. तिच्यावर चिखल बसला नसला म्हणजे झाले.