पुठ्ठ्याच्या पाठीवरचा इतिहास

आपल्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंद आठवतात आणि मैदान डोळ्यांसमोर येते. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची. या खेळाचा एक इतिहास क्रीडासंस्थांच्या दप्तरांत आहे, तसा दुसरा एक तळहातात मावणाऱ्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरही छापला गेला आहे. काडेपेट्यांचे छाप किंवा चित्रपटगीतांच्या चोपड्या आपल्याकडे कुणी संग्रहालयासाठी काढल्या नव्हत्या. ही कार्डेही तशीच. माल खपला की त्यांचे काम संपत असे. म्हणून त्यांतले काय उरले आणि कशामुळे उरले, हे पाहण्याजोगे आहे.

सुरुवात तंबाखूपासून झाली. १९१०-११ च्या हंगामात सिगारेटच्या पाकिटांतून ३६ खेळाडूंच्या रंगीत चित्रांचा संच निघाला. पुढल्या हंगामातल्या ४५ कार्डांत मॉन्ट्रियलचा गोलरक्षक झॉर्झ व्हेझिना होता. १९२६ साली तो क्षयाने गेला. त्याच्या नावाचा करंडक आजही उत्कृष्ट गोलरक्षकाला दिला जातो. नॅशनल हॉकी लीगची स्थापना १९१७ ची. म्हणजे लीग जन्मण्याआधीच तिच्या पहिल्या पिढीतले चेहरे धूम्रपान करणाऱ्यांच्या खिशात पोचले होते.

मग गिऱ्हाईक बदलले. बापाच्या सिगारेटऐवजी मुलाच्या गोळ्या-चॉकलेटांबरोबर कार्डे येऊ लागली. ऑन्टारिओतल्या ब्रँटफर्डच्या विल्यम पॅटरसन कंपनीने १९२३-२४ मध्ये ४० कार्डांचा संच काढला. पूर्ण संच जमवणाऱ्याला बक्षीस होते. पण पंचविसाव्या क्रमांकाचे, बर्ट कॉर्बो या खेळाडूचे कार्ड काही केल्या मिळत नसे. बक्षिसे फार वाटावी लागू नयेत म्हणून ते मुद्दामच अगदी कमी छापले गेले, असे जाणकार मानतात. आज जुन्या हॉकी कार्डांत त्याची गणना अतिदुर्मिळांत होते. खेळाडू म्हणून कॉर्बोहून मोठे अनेक जण त्या संचात होते. दुर्मिळतेचा मान मात्र कारखानदाराच्या हिशेबाने त्याला दिला.

या छंदाला खरे बळ दिले ते रेडिओने. टोरांटोच्या सामन्यांचे धावते वर्णन दूरदूरच्या खेड्यांत ऐकू येई, पण खेळाडू दिसत नसे. ती उणीव व्यापाऱ्यांनी ओळखली. सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनीच्या 'बी हाइव्ह' या मक्याच्या पाकावरचा कागदी पट्टा पोस्टाने पाठवला की हव्या त्या खेळाडूचे छायाचित्र घरी येई. १९३४ पासून १९६७ पर्यंत ही योजना चालली. पार्कहर्स्ट कंपनीने १०५ कार्डांचा संच १९५१-५२ मध्ये आणला आणि कॅनडात हॉकी दूरचित्रवाणीवर दिसू लागली ती १९५२ च्या अखेरीस. तोवर कानांनी ऐकलेल्या नावाला चेहरा मिळे तो या कागदांतूनच.

मुलांनी ती कार्डे मुलांसारखीच वापरली. भिंतीवर उडवून पैजा लावल्या, सायकलच्या चाकात अडकवून फटफट आवाज काढला. घर आवरताना आयांनी बरीचशी फेकली. या नासधुशीतूनच उरलेल्यांची किंमत वाढली. ओ-पी-ची कंपनीने १९७९-८० मध्ये वेन ग्रेट्झकीचे पहिले कार्ड काढले. या कंपनीत छापील ताव तारेने कापत, त्यामुळे कडा खडबडीत राहत. त्यात कार्डाची चौकट निळी, तिच्यावर जरा घासले तरी पांढरे दिसे. त्यामुळे निर्दोष प्रत हाच अपवाद. तशी एक प्रत २०२० च्या डिसेंबरात १२ लाख ९० हजार डॉलरना आणि पुढच्याच वर्षी साडेसदतीस लाख डॉलरना विकली गेली.

अशा भावांच्या बातम्या झाल्या की कार्डाचा दुसरा उपयोग विसरला जातो. तो बिल बारिल्कोच्या कथेत दिसतो. टोरांटो मेपल लीफ्सच्या या खेळाडूने २१ एप्रिल १९५१ रोजी मॉन्ट्रियलविरुद्ध जादा वेळेत गोल करून स्टॅनले करंडक जिंकून दिला. चार महिन्यांनी, मासेमारीहून परतताना, त्याचे छोटे विमान उत्तर ऑन्टारिओच्या जंगलात नाहीसे झाले. तो २४ वर्षांचा होता. अवशेष सापडले ते १९६२ मध्ये. आणि मधली सारी वर्षे हुकलेला करंडक टोरांटोने पुन्हा जिंकला तोही त्याच वर्षी. १९९० च्या आसपास बाजारात कार्डांचा महापूर आला होता. त्या काळातल्या एका कार्डाच्या पाठीवर ही हकीकत चार ओळींत छापलेली होती. 'द ट्रॅजिकली हिप' या कॅनेडियन वाद्यवृंदाचा गायक गॉर्ड डाउनी याने ती वाचली आणि तिच्यावरून १९९२ मध्ये 'फिफ्टी मिशन कॅप' हे गाणे आले. बारिल्कोच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या पिढीला त्याचे नाव पाठ झाले ते या गाण्याने. अमाप छापल्यामुळे ज्याला भाव नाही, अशा कार्डाने हे केले.

खेळावरच्या चित्रपटांच्या वस्तूही याच वाटेने जातात. पॉल न्यूमनची प्रमुख भूमिका असलेला 'स्लॅप शॉट' (१९७७) पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्स्टाउन या पोलादाच्या गावी चित्रित झाला. पटकथाकार नॅन्सी डाउड यांचा भाऊ नेड तिथल्या जॉन्स्टाउन जेट्स संघातून खेळत असे. त्याच्या अनुभवांवर कथा बेतली होती. हॅन्सन बंधूंच्या भूमिका केल्या त्याही खऱ्या खेळाडूंनी. १९७७ मध्ये जेट्स संघ बंद पडला. १९८८ मध्ये गावात नवा संघ आला, त्याने नाव घेतले ते चित्रपटातल्या काल्पनिक 'चीफ्स'चे. म्हणजे चित्रीकरणात वापरलेली जर्सी जपणारा माणूस नुसती सिनेमाची आठवण जपत नाही. गिरण्या-कारखाने बंद पडण्याच्या भीतीत जगणाऱ्या गावाने स्वतःला कसे पाहिले, याचा तो पुरावा असतो.

आज महागडी कार्डे टणक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून त्यांना गुण देतात. गुण ठरतात ते कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र नेमके मध्यभागी आहे की नाही यांवर. पाठीवरचा मजकूर वाचण्याजोगा आहे का, याला गुण नाहीत. अर्थात, किंमत आली नसती तर कॉर्बोचे उरलेसुरले कागदही कचऱ्यातच गेले असते. बाजाराचे हे ऋण इतिहासाच्या अभ्यासकाने मानले पाहिजे. पण बारिल्कोला परत आणले ते कार्ड उलटे करून वाचणाऱ्या माणसाने. आपल्याकडच्या गाण्यांच्या चोपड्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके आता लिलावात चढू लागली आहेत. त्यांच्या बाबतीतही मुखपृष्ठाइतकीच आतली पाने नोंदवून ठेवणारे कुणी असावे, इतके तरी या पुठ्ठ्यांकडून शिकता येईल.