कृषिकन्यांच्या वहीत आपलं नाव

खरिपात कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या मुली गावात येतात. आपण त्यांना कृषिकन्या म्हणतो. ही रीत कशी पडली?

पुस्तकातून शेतीची पदवी मिळे, पण बांधावरचं शिक्षण कमी पडे. म्हणून १९९२ मध्ये रंधावा समितीनं ग्रामीण कृषी कार्यानुभवाची शिफारस केली. २०१५ मध्ये तो ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रमात आला.

मुली आम्हाला बीजप्रक्रिया, मातीचा नमुना घेणं शिकवतात. आम्ही त्यांना राखेत घोळून मडक्यात जपलेलं गावरान वालाचं बी दाखवतो. वहीत मात्र शेतकरी म्हणून सातबाऱ्यावरच्या पुरुषाचंच नाव लागतं.

यंदा आम्ही ठरवलंय: बी दाखवायचं, आणि ते राखणारीचं नावही लिहून घ्यायचं. तुम्हीही सांगा.