लाटेवरची फळी आणि तिचा लेप

लाटांवर स्वार होण्यासाठी हवाई बेटांतील लोक कोआ अथवा विलिविली वृक्षाची फळी घडवीत व तीवर कुकुईच्या बियांचे तेल चोळीत. जलक्रीडेनंतर ती वाळवून, खोबरेल लावून, वल्कलवस्त्रात गुंडाळून ठेवीत. कारण पाणी प्यालेले लाकूड जड होते व कुजतेही. पुढे व्हार्निश आले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात बाल्साच्या अतिहलक्या लाकडावर काचतंतू व कृत्रिम राळ यांचे कवच चढले. कवचाला स्वतःचे वजन होते. परंतु सहज पाणी शोषणारे बाल्सा त्यामुळेच समुद्रात टिकले आणि एकंदर फळी हलकी झाली. आजही राळेचा अखेरचा चकचकीत थर गाळला तर थोडा भार वाचतो, पण संरक्षणही तितकेच घटते. तेलाचा भार नगण्य होता; तेथे टिकाऊपणाचे मोल रोजच्या निगेने चुकवावे लागे.