घरगुती ध्वनियंत्रणेतील शक्तिविवर्धक

शक्तिविवर्धक म्हणजेच पॉवर अ‍ॅम्प्लिफायर हे क्षीण ध्वनिसंकेताला स्पीकर हलवण्याइतके सामर्थ्य देणारे विद्युत उपकरण आहे. सीडी प्लेअरमधून येणारा संकेत फार तर दोन व्होल्टच्या आसपास असतो व त्यातील विद्युत प्रवाह नगण्य असतो. स्पीकरला मात्र काही अँपिअर प्रवाह लागू शकतो. स्रोत निवडणे व आवाज कमीजास्त करणे हे काम पूर्वविवर्धकाचे, म्हणजे प्रीअ‍ॅम्प्लिफायरचे असते. पुष्कळ घरांत ही दोन्ही कामे करणारी एकच पेटी असते. स्वतंत्र शक्तिविवर्धकावर बहुधा आवाजाचे बटण नसते. त्यामुळे सीडी प्लेअर त्याला थेट जोडल्यास तबकडी सुरू होताच आवाज पूर्ण ताकदीने फुटतो आणि स्पीकर व कान दोन्ही धोक्यात येतात.

पार्श्वभूमी

बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलट करून पुन्हा आत नेल्यास विकृती घटते, ही निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना अमेरिकन अभियंता हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये सुचली. तिचा उपयोग करून डी. टी. एन. विल्यमसन यांनी आखलेला १५ वॉटचा निर्वात नलिकांचा विवर्धक १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात प्रसिद्ध झाला आणि अनेक हौशी मंडळींनी तो घरी बांधला. बैठकीच्या खोलीस १५ वॉट आजही अगदीच अपुरे नाहीत.

स्पीकरशी मेळ

घरगुती स्पीकरचा संरोध, म्हणजे इम्पिडन्स, सामान्यतः ८ किंवा ४ ओहम असतो. २० व्होल्ट दाबाला ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर प्रवाह व ५० वॉट शक्ती घेतो. ४ ओहमचा स्पीकर ५ अँपिअर व १०० वॉट. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावले तरी भार ४ ओहमच होतो. विवर्धक तेवढ्या भारासाठी बनवलेला नसेल तर तो तापतो व प्रसंगी जळतो.

वॉटच्या आकड्याला खरेदीत अवाजवी महत्त्व दिले जाते. शक्ती दुप्पट केल्याने पातळी केवळ ३ डेसिबल वाढते. आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दसपट शक्ती लागते. म्हणून ५० व ६० वॉटमधील फरक कानाला जवळजवळ जाणवत नाही. याउलट ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा घेतल्यास विवर्धकाची शक्ती दुप्पट केल्याइतकाच लाभ होतो.

लहान विवर्धक मोठ्या स्पीकरला अपाय करू शकत नाही, हा समज चुकीचा आहे. कुवतीबाहेर आवाज वाढवल्यास विद्युत लहरींचे माथे छाटले जातात, म्हणजे क्लिपिंग होते. अशा लहरीत उच्च कंप्रतेचा अंश वाढतो आणि ट्वीटरचे नाजूक वेटोळे जळते. आवाज कर्कश होऊ लागताच तो कमी करावा.

जोडणी

जोडणीपूर्वी सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. पूर्वविवर्धकाच्या किंवा एव्ही रिसीव्हरच्या ‘प्री-आउट’ खोबणीपासून शक्तिविवर्धकाच्या ‘इनपुट’पर्यंत आरसीए तार न्यावी. रिसीव्हरची स्पीकरसाठीची जोडणी या कामी वापरू नये, तसेच दोन विवर्धक एकाच स्पीकरला जोडू नयेत. सभामंडपांतील विवर्धकांवर १०० व्होल्ट अशी खूण असलेली जोडणी असते. ती घरगुती स्पीकरसाठी नाही.

लाल टोक लालला व काळे काळ्याला जोडावे. दोहोंपैकी एकाच स्पीकरची टोके उलटली तर खर्जातील स्वर परस्परांना मारतात आणि मधोमध ऐकू यायला हवा तो गायकाचा आवाज विखुरतो. तांब्याचे सुटे तंतू शेजारच्या टोकाला स्पर्श करता कामा नयेत. दीड चौरस मिलिमीटर जाडीची तार १० मीटर नेल्यास जाण्यायेण्याचा एकूण रोध सुमारे पाव ओहम होतो. तेव्हा अंतर मोठे असल्यास तार जाड घ्यावी. महागड्या तारांची आवश्यकता नाही.

सुरू करताना शक्तिविवर्धक सर्वांत शेवटी व बंद करताना सर्वांत आधी. हा क्रम मोडल्यास इतर उपकरणांचे खटके विवर्धित होऊन स्पीकरवर आदळतात.

सतत गुणगुण ऐकू येत असेल तर बहुधा दोन उपकरणांच्या अर्थिंगचे वेटोळे तयार झालेले असते. दोन्हींचे प्लग एकाच फळीवर लावून पाहावे. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची प्रथा प्राणघातक आहे: आत बिघाड झाल्यास धातूच्या पेटीवर २३० व्होल्टचा दाब उतरतो आणि तो जमिनीत नेणारी वाट उरत नाही.