दोन आरमारे

रशियाच्या आरमाराविषयी आनेकलसारख्या पठारावरील गावी बसून लिहावे, हे वाचकांस काहीसे विचित्र वाटेल. परंतु आमची नेमणूक ज्या राज्यात आहे, त्याच राज्यातील कारवारच्या तळासाठी घेतलेली ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका मूळची सोव्हिएत आरमारातील होय. २०१३ साली ती आपल्या नौदलात दाखल झाली. तत्पूर्वी ती अॅडमिरल गोर्शकोव्ह यांचे नाव मिरवीत होती. रशियाच्या आरमाराचा इतिहास वाचू लागले म्हणजे मराठी माणसाला आंग्र्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पीटर बादशहा आणि कान्होजी आंग्रे हे समकालीन. पीटर १७२५ साली वारला, कान्होजी १७२९ साली. १६९६ मध्ये पीटरने आरमार बांधण्याचा निश्चय केला, तेव्हा रशियाजवळ अर्खांगेल्स्क हे एकच मोठे सागरी बंदर होते आणि तेही वर्षातील कित्येक महिने बर्फाने बंद. उलट आपल्याकडे कोकणचा सलग किनारा, कोळी-भंडाऱ्यांसारखे जातिवंत दर्यावर्दी आणि शिवछत्रपतींनी पाया घातलेले आरमार होते. इंग्रज व पोर्तुगीज यांनी १७२१ साली एकत्र येऊन कुलाब्यावर केलेली स्वारीही फसली. निसर्गाचे दान आपल्याच पदरात अधिक होते.

मग अंतर कोठे पडले? पीटरने १७०१ मध्ये मॉस्कोत गणित व नौकानयनाची शाळा काढली, आरमाराचे स्वतंत्र खाते निर्माण केले आणि १७२० मध्ये त्याची नियमावली जारी केली. आपल्याकडे विचाराचे दारिद्र्य नव्हते; अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु व्यवहारात आरमार एका घराण्याचे झाले. कान्होजींच्या पश्चात मुलांत कलह माजला, कुलाबा एकाकडे व विजयदुर्ग दुसऱ्याकडे गेला. अखेर १७५६ साली पेशव्यांनी तुळाजीविरुद्ध इंग्रजांचे साहाय्य घेतले आणि विजयदुर्गाच्या खाडीत मराठी गलबते जळाली. पुढे धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ पकडले खरे. पण गेलेला दरारा परत आला नाही.

रशियावरील आघात काही कमी नव्हते. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलपाशी त्यांना आपलीच जहाजे बुडवावी लागली. १८५६ च्या तहाने काळ्या समुद्रात आरमार ठेवण्याची बंदी झाली. १९०५ मध्ये त्सुशिमाला जपानने त्यांची धूळधाण केली. तरीही प्रत्येक वेळी आरमार पुन्हा उभे राहिले. गोर्शकोव्हांनी १९५६ पासून जवळजवळ तीस वर्षे त्याचे नेतृत्व केले. १९७१ च्या डिसेंबरात कराचीवर मारा करणाऱ्या आपल्या क्षेपणास्त्र-नौका त्याच काळातील सोव्हिएत बांधणीच्या होत्या.

मात्र केवळ खाते असून भागत नाही. १९९१ नंतर पैशाअभावी कित्येक जहाजे धक्क्यालाच गंजली. ‘कुझ्नेत्सोव्ह’ ही एकमेव विमानवाहू नौका २०१७ च्या सुमारास दुरुस्तीला गेली, ती वर्षानुवर्षे समुद्रावर परतली नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये मोठे आरमार नसलेल्या युक्रेनने काळ्या समुद्रातील ‘मॉस्क्वा’ ही ध्वजनौका क्षेपणास्त्रांनी बुडविली. अणुपाणबुड्या हेच आज त्या आरमाराचे खरे बळ. शिवाय बाल्टिक, काळा समुद्र, उत्तर आणि पॅसिफिक असे चार दूरदूरचे ताफे संकटात एकमेकांच्या साहाय्याला सहजी धावू शकत नाहीत.

तथापि पराभवानंतर पुन्हा आरंभ करण्यास जे लागते ते रशियाजवळ प्रत्येक वेळी शिल्लक होते: शिकविणारी शाळा, लिहून ठेवलेला नियम आणि माणूस गेला तरी न मोडणारी व्यवस्था. बदलीवर येणाऱ्या-जाणाऱ्या आम्हां नोकरदारांस याचे मोल निराळे सांगावयास नको. कान्होजींच्या पराक्रमाचा अभिमान आम्ही अवश्य बाळगावा. परंतु तो पराक्रम दुसऱ्या पिढीतच का दुभंगला, हा प्रश्नही त्या अभिमानाइतकाच आपला आहे.