ससाण्याच्या पिलांचे नागरी घरट्यांतील वलयांकन

शहरातील उंच इमारती व पूल यांवर घरटी करणाऱ्या बहिरी ससाण्याच्या (फाल्को पेरेग्रिनस) पिलांच्या पायांत क्रमांकित कडी घालून पुढे त्यांची ओळख पटविण्याची पद्धत. पक्ष्यांना क्रमांकित कडी घालण्याची शास्त्रीय प्रथा डेन्मार्कमधील शिक्षक हान्स मॉर्टेनसेन यांनी १८९९ मध्ये सुरू केली.

हा पक्षी मूळचा कड्याकपारींतील. तथापि मॉन्ट्रिऑलमधील सन लाइफ इमारतीवर १९४०–५२ या काळात एका मादीने वीसहून अधिक पिले वाढविली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे कीटकनाशक अन्नसाखळीतून ससाण्यांच्या शरीरात साठले. अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबविताना फुटू लागली. ब्रिटनमधील अंड्यांवरून डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये हे दाखवून दिले. तोवर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिसिसिपी नदीच्या पूर्वेस विणीची एकही जोडी उरली नव्हती. तेथे १९७२ मध्ये डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी आली. कॉर्नेल विद्यापीठातील टॉम केड यांनी १९७० मध्ये स्थापिलेल्या ‘पेरेग्रीन फंड’ या संस्थेने बंदिस्त जागेत पैदास केलेली पिले १९७४ पासून निसर्गात सोडण्यास आरंभ केला. अशा प्रयत्नांतून उत्तर अमेरिकेत ६,००० हून अधिक ससाणे सोडण्यात आले. त्यांपैकी काहींनी शहरांचा आश्रय घेतला. न्यूयॉर्कच्या पुलांवर १९८३ मध्ये घरटी झाली.

पिले सुमारे तीन आठवड्यांची असताना वलयांकन करतात. तेव्हा पायांची जाडी पूर्ण झालेली असते. त्यानंतर फार विलंब केल्यास पिले घाबरून घरट्याबाहेर उडी घेण्याचा धोका असतो. मादीचा पाय जाड असल्याने तिला मोठ्या मापाचे कडे लागते. एका पायात शासकीय क्रमांकाचे धातूचे कडे व दुसऱ्यात दुर्बिणीतून वाचता येणारे रंगीत कडे घालतात. बळकट चोचीने उघडू नये म्हणून धातूच्या कड्याची टोके एकमेकांत अडकवितात. आईबाप झडप घालत असल्याने कार्यकर्ते शिरस्त्राण वापरतात.

एकाच कठड्यावर वर्षानुवर्षे दिसणारी जोडी तीच आहे असा समज होतो. पुष्कळदा जुना पक्षी मरून वा हुसकला जाऊन त्याची जागा नव्याने घेतलेली असते. हा बदल कड्यांमुळेच उघड होतो. माद्या जन्मस्थानापासून नरांपेक्षा दूर जातात, हेही त्यांवरून कळले. कडी घातलेली अनेक पिले पुन्हा कधीच आढळत नाहीत, ही या पद्धतीची मर्यादा होय. तरीही सोडलेले पक्षी जगले आणि त्यांनी पुढची पिढी वाढविली, याचा पक्षिगणिक पुरावा कड्यांनीच दिला. १९९९ मध्ये अमेरिकेने बहिरी ससाण्याचे नाव संकटग्रस्त जातींच्या यादीतून वगळले.